रेझिन प्रिंटरवर ब्रँडेड घाट: छोट्या कारखान्याने कुठवर जावं आणि कुठे थांबावं

प्रश्न असा आहे. जळगावच्या सराफ बाजारालगत एक छोटा कारखाना आहे. एक रेझिन प्रिंटर (द्रव रेझिन थराथराने घट्ट करून नमुना घडवणारं यंत्र), संगणकावर घाट काढणारे दोन कॅड ऑपरेटर, बाजूच्या खोलीत कास्टिंग, म्हणजे ओतकाम. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, नंदुरबारच्या सराफांचं काम मजुरीवर होतं. लग्नसराईत गिऱ्हाईक मोबाइलवर कार्टियेच्या लव्ह ब्रेसलेटचा किंवा व्हॅन क्लीफच्या चार पाकळ्यांच्या पेंडंटचा फोटो दाखवतं आणि अगदी तसंच मागतं. नाव न टाकता तसा डाग, म्हणजे दागिना, बनवला तर चालेल का? दुसऱ्याने पाठवलेली फाइल फक्त प्रिंट करून दिली तर जबाबदारी कोणाची? आणि आपण काढलेला नवा घाट, म्हणजे दागिन्याचा आकार आणि नक्षी, महिनाभरात दुसऱ्या दुकानात दिसतो, तो कसा वाचवायचा?

आधी सरळ उत्तर. नाव, लोगो, मोनोग्राम किंवा कंपनीची नोंदलेली कोणतीही खूण डागावर आली, तर तो ट्रेडमार्कचा भंग आहे. गिऱ्हाइकाने मागितलं, त्याला ती कॉपी असल्याचं माहीत होतं, किंमतही कमी होती, यातलं काहीच उपयोगी पडत नाही. नाव टाकलं नाही तर उत्तर घाटावर अवलंबून राहतं, आणि तिथे नीट बघावं लागतं. फक्त प्रिंट करून देणारा आपोआप सुटत नाही, पण कायद्याने त्याच्यासाठी एक दार ठेवलं आहे. त्याच्या अटी मात्र आधीपासून पाळलेल्या हव्यात. आणि स्वतःचा घाट वाचवायचा असेल तर तो व्हॉट्सॲप स्टेटसला जाण्याआधी हालचाल करावी लागते.

खूण नेमकी कधी लागते

पूर्वी खूण शेवटी लागायची. डाग तयार झाला, पॉलिश झाला की ठसा मारायचा. तो ठसा मारणारा हात आणि ती डाय हीच कायद्याच्या नजरेतली जागा होती. त्रिमितीय प्रिंटिंगने हा क्रम उलटा केला. आता लोगो राइनो किंवा मॅट्रिक्स या कॅड सॉफ्टवेअरमध्येच घाटाचा भाग म्हणून बसतो, २५ ते ५० मायक्रॉनच्या थरांत रेझिनसोबत वाढतो आणि ओतकामात सोन्याचाच होतो. वेगळा ठसा उरतच नाही.

ट्रेडमार्क कायदा १९९९ चा असला तरी याला अपुरा पडत नाही. कलम १०१ सांगतं की खूण मालात विणलेली असो, दाबून उमटवलेली असो की अन्य प्रकारे मालातच घडवलेली असो, ती ‘लावली’ असंच धरायचं. म्हणजे मॉडेलमध्ये कोरलेला लोगो असलेला डाग प्लेटवर तयार होतो, तेव्हाच खूण लागलेली असते. पुढे कास्टिंगवाला, पॉलिशवाला आणि सराफ हे त्याच साखळीतले पुढचे दुवे.

व्यवहारात यातून एक गोष्ट निघते. थांबायचं असेल तर कॅडच्या टेबलावरच थांबायचं. ओतून झाल्यावर कानस मारून अक्षरं काढली, तरी मागे बरंच उरतं: फाइल, प्रिंटरच्या मेमरीतलं स्लाइस केलेलं (प्रिंटसाठी थरांत कापलेलं) काम, चांदीचा किंवा पितळेचा मास्टर, म्हणजे मूळ नमुना, आणि त्यावरून काढलेला रबर मोल्ड, म्हणजे साचा. कलम १०३ मध्ये खोटी खूण लावण्याइतकाच, त्यासाठीची डाय, ब्लॉक, मशीन, प्लेट किंवा इतर साधन बनवणं वा जवळ बाळगणंही गुन्हा आहे. मास्टर आणि रबर मोल्ड या शब्दांत सहज बसतात. फाइलबद्दल वकील वाद घालू शकतील, पण कारखानदाराने ती ‘साधन’ आहे असं धरूनच चालावं. शिक्षा किमान सहा महिने ते कमाल तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. असा माल विकणाऱ्याला, विक्रीसाठी साठवणाऱ्यालाही कलम १०४ खाली तेवढीच. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर कैद किमान एक वर्ष आणि दंड किमान १ लाख.

नाव नाही, पण घाट तोच

इथे चार वेगवेगळे हक्क एकमेकांत मिसळले जातात आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. नाव-लोगोचा ट्रेडमार्क, आकाराचा ट्रेडमार्क, नोंदलेलं डिझाइन आणि कॉपीराइट. प्रत्येकाची मुदत वेगळी, कसोटी वेगळी.

डिझाइनपासून सुरू करू, कारण ते सोपं आहे. डिझाइन कायदा २००० खाली नोंदणी १० वर्षं चालते, पुढे एकदाच ५ वर्षं वाढते. १५ वर्षांनंतर तो घाट सगळ्यांचा. लव्ह ब्रेसलेट १९६९ चं, व्हॅन क्लीफची अल्हाम्ब्रा माळ १९६८ ची. म्हणजे त्या मूळ घाटांवर डिझाइनचा हक्क आज असूच शकत नाही. कॉपीराइटचंही तसंच. नोंदवता येण्याजोगं पण न नोंदवलेलं डिझाइन कारखानदारी पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त वेळा बनलं की कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्यावरचा कॉपीराइट संपतो. मात्र मोनोग्रामचं चित्र, कोरीव आकृती, स्वतंत्र कलाकृती यांचा कॉपीराइट कलाकाराच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं टिकतो. सपाट चित्राचा त्रिमितीय डाग बनवणं हीसुद्धा कायद्याने नक्कलच.

मग मोठ्या कंपन्या आकार ट्रेडमार्कमध्ये नेण्यासाठी एवढी धडपड का करतात? कारण ट्रेडमार्क दर १० वर्षांनी नूतनीकरण करत राहिला की संपतच नाही. डिझाइनची १५ वर्षं सरली तरी आकार त्यांच्याच ताब्यात राहतो. भारतीय कायद्यात ‘चिन्ह’ या व्याख्येतच मालाचा आकार येतो, त्यामुळे हा रस्ता इथेही उघडा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये गोर्बाचेव्ह व्होडकाच्या बाटलीच्या घुमटासारख्या आकाराला संरक्षण देऊन प्रतिस्पर्ध्याला मनाई केली होती. बाटलीवरचं नाव वेगळं होतं, तरीही. हर्मेसच्या बर्किन बॅगचा आकार दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सुप्रसिद्ध चिन्ह म्हणून मान्य केला. तेव्हा ‘नाव नाही टाकलं, मग काय होतंय’ हे वाक्य बाजारात ऐकू येतं, ते धोक्याचं आहे.

दुसऱ्या बाजूला ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९(३) आहे, आणि दागिन्यांच्या धंद्याने ते पाठच करावं. तीन प्रकारचे आकार ट्रेडमार्क होऊ शकत नाहीत: वस्तूच्या स्वभावातूनच येणारे (अंगठी गोल असणारच), तांत्रिक काम होण्यासाठी लागणारे (फासा, बिजागरी, हुक), आणि मालाला भरीव मूल्य देणारे. तिसरा प्रकार दागिन्यांना थेट भिडतो. लोक घाटाच्या सौंदर्यासाठीच पैसे मोजत असतील, तर तो घाट मूल्य देतो आणि ट्रेडमार्क म्हणून कमजोर ठरतो. युरोपात याच तत्त्वावर २०११ मध्ये बँग अँड ओलुफसेनच्या लाउडस्पीकरचा आकार नाकारला गेला, आणि तांत्रिक कामाच्या मुद्द्यावर २०१० मध्ये लेगोच्या विटेचा. आपल्याकडेही, कितीही वर्षं वापर झाला तरी कलम ९(३) चा दोष वापराने धुऊन निघत नाही.

म्हणून ‘तसाच घाट’ मागितला की घाटाचे तुकडे करून बघायचे. लंबगोल, सपाट पट्टीचं कडं कोणाच्या मालकीचं नाही. पण त्या पट्टीवर ठरावीक अंतराने खाचेचे स्क्रू बसवले की गिऱ्हाइकाच्या डोक्यात एकच कंपनी येते, कार्टिये. ती ओळख म्हणजेच खूण. चार पाकळ्यांचं फूल आपल्या जाळीकामात आणि रांगोळीत कधीपासूनचं आहे. मात्र तेच फूल, भोवती मण्यांची बारीक कड, मध्ये सपाट रंगीत खडा आणि तसल्याच फुलांची समान अंतराची माळ, हे सगळं एकत्र आलं की वेगळी गोष्ट होते. माझा सल्ला असा: ओळख पटवणारा घटक पूर्ण काढा, नुसता थोडा हलवू नका. स्क्रूच्या जागी षटकोनी खाच करून काही साधत नाही. त्याऐवजी गिऱ्हाइकाला त्या कड्यात नेमकं काय आवडलं ते विचारा. अनेकदा उत्तर ‘अंगाला घट्ट बसतं, रोज घालता येतं’ असं असतं, आणि ते कोणत्याही घाटात देता येतं.

आपल्याकडचा जुना साठा तर पूर्ण मोकळा आहे. पोत, टीक, गोठ, पाटल्या, तोडे, नंदुरबारकडच्या चांदीच्या हासळ्या आणि कमरपट्टे यांच्या पारंपरिक घाटावर कोणाचाही हक्क नाही. फक्त दुसऱ्या कारखान्याने बनवलेली फाइल उचलू नका. घाट जुना असला तरी फाइल त्याच्या मेहनतीची असते, आणि त्याने घातलेली नवी मांडणी नोंदलेलीही असू शकते.

शोध घ्यायला फार वेळ लागत नाही. भारतीय बौद्धिक संपदा कार्यालयाच्या संकेतस्थळावर ट्रेडमार्कचा सार्वजनिक शोध मोफत आहे. दागिने आणि घड्याळं वर्ग १४ मध्ये, चामड्याच्या बॅगा १८ मध्ये, कपडे-पादत्राणं २५ मध्ये. नावाने शोधल्यावर आकृतीच्या संकेतांकानेही शोधा, कारण आकाराचा ट्रेडमार्क नावाने सापडत नाही. डिझाइनचा शोध वेगळ्या पानावर, वर्ग ११-०१. शोधाचा स्क्रीनशॉट तारखेसह ऑर्डरच्या फोल्डरमध्ये ठेवा. तो पुढे ‘वाजवी काळजी घेतली’ याचा पुरावा होतो.

‘प्रथम प्रत’, ‘रेप्लिका’, ‘इन्स्पायर्ड’

असं लिहून माल विकला की आपण प्रामाणिक ठरतो, हा समज इन्स्टाग्रामवरून विकणाऱ्यांत फार पसरला आहे. कलम २९ मध्ये चिन्ह तेच आणि माल तोच असेल तर गोंधळ होतो असं न्यायालयाने गृहीतच धरायचं असतं. शिवाय नावाजलेल्या चिन्हाचा गैरफायदा घेतला, तर माल वेगळा असला तरी भंग होतो. मोबाइल कव्हरवर, चावीच्या कडीवर किंवा केकच्या साच्यावर लुई व्हितोंचा मोनोग्राम छापणारे यात सापडतात. उलट ‘रेप्लिका’ हा शब्द आपल्याला मूळ चिन्ह माहीत होतं याची लेखी कबुलीच ठरतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये कार्टिये आणि इतर ब्रँडच्या नकली मालाच्या प्रकरणात एका ऑनलाइन विक्रेत्यावर १ कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई बसवली.

घरी स्वतःसाठी एखादी वस्तू छापली तर? कलम २९ ला व्यापाराच्या ओघातला वापर लागतो आणि डिझाइनच्या भंगाला विक्रीचा हेतू. त्यामुळे घरचा एकटा छंद या दोन्हींच्या बाहेर राहतो. पण मजुरी घेऊन छापणारा कारखाना व्यापाराच्याच ओघात असतो. गिऱ्हाइकाचा वापर घरगुती आहे म्हणून कारखान्याचा होत नाही.

सुट्या भागांचं काम बरंच निघतं: घड्याळाच्या पट्ट्याची तुटलेली कडी, पर्सचं बक्कल, चष्म्याची दांडी. कलम ३० प्रमाणे सुटा भाग मूळ वस्तूला बसतो हे सांगण्यासाठी, आवश्यक तेवढंच, कंपनीचं नाव घेता येतं. ‘अमुक घड्याळाला बसणारी कडी’ असं पावतीवर लिहा, कडीवर लोगो काढू नका. तो भाग डिझाइन म्हणून स्वतंत्र नोंदलेला असेल तर मात्र दुरुस्तीची सवलत डिझाइन कायद्यात नाही.

फक्त प्रिंट करून देणाऱ्याने काय सांभाळायचं

ट्रेडमार्क कायद्याचं कलम ११२ मजुरीवर काम करणाऱ्यासाठी आहे, आणि ते फार कमी जणांना माहीत असतं. दुसऱ्यासाठी खुणा लावणं किंवा त्याची साधनं बनवणं हा ज्याचा नेहमीचा धंदा आहे, तो चार गोष्टी सिद्ध करून कलम १०३ च्या आरोपातून सुटू शकतो. तो खरोखर मजुरीवरच कामाला लावला गेला होता. मालाच्या विक्रीतून त्याला नफा किंवा कमिशन मिळत नव्हतं. सगळी वाजवी काळजी घेतल्यावरही खूण खोटी असल्याचा संशय येण्यासारखं काही नव्हतं. आणि मागणी होताच त्याने काम देणाऱ्याची सगळी माहिती दिली.

या चारही अटी कागदावर दिसायला हव्यात. मजुरी ग्रॅमवर, रेझिनच्या वजनावर किंवा नगावर ठरवा. ‘विकलं की इतके टक्के’ असा व्यवहार झाला की दुसरी अट गेली. प्रत्येक कामाची एक पानाची ऑर्डर शीट करा. त्यावर सराफाचं पूर्ण नाव, जीएसटी क्रमांक, फाइल कोणी आणि कशावरून पाठवली, नगसंख्या, धातू, फाइलमध्ये कोणतंही नाव किंवा आकृती आहे का याची नोंद आणि सराफाची सही घ्या. ‘या घाटावर इतर कोणाचा हक्क नाही, वाद आल्यास जबाबदारी आमची’ हे वाक्य असू द्या. पण नुसत्या त्या वाक्यावर विसंबू नका. फाइलमध्ये उघड उघड दोन एकमेकांत अडकलेले ‘सी’ (शनेलची खूण) दिसत असतील, तर सही असूनही ‘संशय येण्यासारखं काही नव्हतं’ असं म्हणता येत नाही.

म्हणून स्लाइसरमध्ये टाकण्याआधी फाइल उघडून फिरवून बघायची सवय लावा. कड्याची आतली बाजू, पेंडंटची पाठ, कुलपाच्या जिभेची खालची बाजू या तीन जागी लोगो लपलेला असतो. प्रिंटसाठी येणाऱ्या एसटीएल फाइलमध्ये फक्त त्रिकोणांची जाळी असते. बनवणाऱ्याचं नाव नाही, मोजमापाचं एककही नाही. त्यामुळे फाइल कुठून आली हे फाइलवरून कळत नाही, ते ऑर्डर शीटनेच सांगायचं.

हॉलमार्कचा मुद्दा इथेच सांगतो. १ एप्रिल २०२३ पासून विक्रीच्या सोन्याच्या डागावर सहा अंकाक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या डागाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लागतो. आताच्या हॉलमार्कमध्ये बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, शुद्धता आणि एचयूआयडी एवढंच असतं. सराफाची ओळखखूण त्यातून गेली आहे. एचयूआयडी शुद्धतेबद्दल बोलतो, ब्रँडबद्दल नाही. मात्र तो डाग हॉलमार्कसाठी कोणत्या नोंदणीकृत सराफाने दिला हे त्यावरून कळतं, त्यामुळे नकली घाटाचा माग थेट दुकानापर्यंत येतो. बीआयएसचं चिन्ह कॅडमध्ये काढून ओतण्याचा विचारही करू नका, तो बीआयएस कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे. केंद्रावर लेझरने खूण मारायला घाटात छोटी सपाट जागा सोडा. नक्षीदार डागात ती विसरली की खूण वाकडी येते किंवा नक्षीवर पडते.

स्कॅन करून काढलेली कॉपी का फसते

कायदा बाजूला ठेवला तरी खऱ्या डागाचं स्कॅन करून हुबेहूब माल निघतो हा भ्रम आहे. आरशासारख्या पॉलिशवर स्कॅनरचा प्रकाश परावर्तित होतो, म्हणून पृष्ठभागावर पांढरा फवारा मारावा लागतो. त्याच्या थराने बारीक कडा बोथट होतात. खड्याखालची पोकळी आणि आत वळलेल्या खाचा स्कॅनरला दिसतच नाहीत, त्या अंदाजाने भराव्या लागतात. पुढे ओतकामात धातू थिजताना घाट एक-दोन टक्के आत येतो. रबर मोल्डवरून मेण काढलं तर त्यात आणखी भर पडते, आणि कॉपीवरून कॉपी काढली की प्रत्येक फेरीत. कड्याच्या दोन अर्ध्या भागांचा खटका मग बसत नाही. कास्टेबल रेझिन नीट जळालं नाही, म्हणजे भट्टी ७०० ते ७५० अंशांपर्यंत हळूहळू चढवून तिथे पुरेसा वेळ ठेवली नाही, तर राख साच्यात राहते आणि सोन्यात बारीक छिद्रं पडतात. आतल्या बाजूला सपोर्टचे (प्रिंट होताना घाटाला दिलेल्या टेकूंचे) ठिपके आणि तिरक्या भागावर थरांच्या पायऱ्या राहतात. कंपनीचा तपासनीस भिंगाखाली सर्वांत आधी इथेच बघतो.

कंपन्यांना खरी चिंता एकेका कड्याची नाही. नकली माल पूर्वी कंटेनरमधून यायचा. २००७ च्या नियमांखाली कंपनीने आपला हक्क कस्टमकडे नोंदवला की बंदरावर तो माल अडवता यायचा. फाइल बंदरावरून येत नाही. शेवटचा टप्पा, म्हणजे प्रत्यक्ष वस्तू बनण्याची जागा, आता जळगाव-धुळ्याच्या गल्लीतली एक खोली असू शकते. म्हणून त्यांचं लक्ष प्रिंट करणाऱ्याकडे वळलं आहे. त्यांचा तंत्रज्ञानाला विरोध नाही. शनेलने २०१८ मध्ये मस्काऱ्याचा ब्रशच प्रिंट करून बाजारात आणला होता.

आता आपला घाट

नव्या घाटासाठी सर्वांत योग्य हत्यार डिझाइन नोंदणी आहे, आणि ती सर्वांत जास्त वेळा एकाच कारणाने वाया जाते: आधी फोटो टाकला. अर्जाच्या तारखेआधी घाट कुठेही प्रसिद्ध झाला तर तो ‘नवा’ राहत नाही. व्हॉट्सॲप स्टेटस, इन्स्टाग्राम रील, दुकानाच्या काचेतलं प्रदर्शन, सगळं प्रसिद्धीतच येतं. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला सवलत आहे, पण तिथेही नियंत्रकाला आधी कळवावं लागतं आणि सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. म्हणून क्रम असा ठेवा: कॅड पूर्ण, अर्ज दाखल, मग फोटो. अर्ज क्रमांक मिळाला की दुसऱ्या दिवशी रील टाकायला हरकत नाही.

अर्ज ऑनलाइन होतो, काम कोलकात्याच्या पेटंट कार्यालयाकडे चालतं. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला एका अर्जाचं शुल्क १ हजार रुपये, इतरांना ४ हजार. कॅड असल्याचा इथे मोठा फायदा आहे, कारण समोरून, मागून, वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून आणि तिरकं अशी सात चित्रं काही मिनिटांत निघतात. रेंडरमध्ये पार्श्वभूमी साधी पांढरी ठेवा. दुकानाचं नाव, वॉटरमार्क, मोजमापाचे आकडे, मॉडेलचा हात, काहीही नको. सगळ्या चित्रांत खड्यांची संख्या आणि जागा तंतोतंत जुळली पाहिजे. एका चित्रात प्राँग (खडा धरणारे दात) चार आणि दुसऱ्यात सहा दिसले की हरकत येते. नावीन्य घाटात आणि पृष्ठभागाच्या नक्षीत आहे असं विधान लिहा. फाशाच्या कामकाजावर दावा करू नका, ते डिझाइनमध्ये येत नाही.

नोंदणी झाल्यावर टॅगवर ‘नोंदणीकृत’ आणि क्रमांक छापा. तो नसेल तर भरपाई मागताना अडचण येते. भरपाईची रक्कम लहानच आहे: ठरलेली रक्कम मागितली तर एका भंगाला जास्तीत जास्त २५ हजार आणि एका डिझाइनमागे एकूण ५० हजार. खरी किंमत मनाई हुकमाची आहे. दावा जिल्हा न्यायालयात दाखल होतो, पण समोरच्याने नोंदणीच अवैध असल्याचा बचाव घेतला की प्रकरण उच्च न्यायालयाकडे जातं, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे. तेवढी तयारी ठेवूनच नोटीस पाठवा.

दर हंगामाला शंभर घाट काढणाऱ्याने सगळे नोंदवू नयेत. जे दोन-तीन वर्षं चालतील असे निवडक नोंदवा, आणि बाकीच्यांसाठी आपल्या नावावर जोर द्या. स्वतःचं नाव किंवा छोटी खूण वर्ग १४ मध्ये नोंदवायला, दुकानही असेल तर वर्ग ३५ मध्येही, व्यक्ती वा लघुउद्योगाला ऑनलाइन प्रत्येक वर्गाचे ४,५०० रुपये लागतात. हॉलमार्कमधून सराफाची खूण गेल्यापासून डागावर स्वतःची नोंदलेली खूण असणं जास्त गरजेचं झालं आहे. कॅडमध्ये ती घालताना अक्षराची रेघ ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका आणि खोलीही साधारण तेवढीच द्या, नाहीतर पॉलिशमध्ये अक्षरं भरून सपाट होतात. आकाराचाच ट्रेडमार्क हवा असेल तर किमान पाच बाजूंची चित्रं द्यावी लागतात. पण कलम ९(३) मुळे दागिन्याच्या घाटासाठी हा रस्ता मी शक्यतो सुचवत नाही. डबी, पॅकिंग, टॅगचा आकार यांसाठी तो चांगला आहे.

फाइल कोणाची, हा वाद कारखान्यात हमखास होतो. पगारी ऑपरेटरने नोकरीत काढलेल्या फाइलचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. नगावर काम करणाऱ्या बाहेरच्या डिझायनरचा मात्र त्याचाच राहतो, पैसे दिले तरी. डिझाइन कायद्यात उलट आहे: मोबदला देऊन करून घेणारा मालक धरला जातो. ही विसंगती लेखी हस्तांतरणानेच मिटते. त्यात मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा, कारण मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, असं कायदा धरतो.

बाहेर मंजुरीसाठी रेंडरचं चित्र पाठवा, एसटीएल नको. मूळ संपादनयोग्य फाइल कधीच नको. प्रिंटसाठी द्यावीच लागली तर नेमक्या नगांची परवानगी लिहून द्या. प्रत्येक घाटात एक निरुपद्रवी पण मुद्दाम केलेली विषमता ठेवा, जसं की एका पाकळीची कड दहाव्या भागाने जाड. कॉपीत तीच विषमता आली की योगायोगाचा बचाव टिकत नाही. अंतिम फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलवरून निघणारी, फाइल जराही बदलली की बदलणारी अंकाक्षरांची ओळ) काढून त्याच दिवशी स्वतःला ईमेल करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. तो आधीच असला तर फाइल नंतर बदलली नाही हे दाखवणं सोपं जातं.

नोटीस आलीच तर

कंपनी जिथे धंदा करते तिथेच दावा लावू शकते, त्यामुळे प्रकरण बहुधा दिल्ली किंवा मुंबईला उभं राहतं. न्यायालयाने नेमलेला कमिशनर मात्र तुमच्या कारखान्यात येतो, मालाची यादी करतो, सील करतो आणि संगणकाची प्रतही घेऊ शकतो. त्याला अडवू नका. यादीत प्रत्येक डागाचं वजन लिहिलं जातंय ना ते बघा, आणि इतर सराफांचा माल ऑर्डर शीट दाखवून वेगळा काढून घ्या. पोलिस वॉरंटशिवाय आले तर अधिकारी उपअधीक्षक दर्जाचा किंवा वरचा हवा, आणि झडतीआधी ट्रेडमार्क निबंधकाचं मत घेतलेलं हवं. ते मत दाखवायला सांगणं तुमचा हक्क आहे.

नोटीस हातात पडल्यावर फाइली पुसायच्या नाहीत. पुसलेली फाइल परत काढता येते, आणि पुसण्याची वेळ नोटिशीनंतरची निघाली की प्रामाणिकपणाचा बचाव तिथेच संपतो. काम थांबवा, फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये कुलूपबंद करा, मास्टर आणि मोल्ड बाजूला काढून त्यांचे फोटो घ्या, आणि ठरलेल्या मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्या. तडजोडीत सोन्याच्या मालासाठी एक अट आवर्जून घाला: वादातले डाग कंपनीच्या प्रतिनिधीसमोर वजन करून गाळायचे, मास्टर कापायचा, रबर मोल्ड चिरायचा, आणि गाळलेलं सोनं ज्या सराफाचं आहे त्याला परत द्यायचं. वजनाची नोंद दोघांच्या सहीने दोन प्रतींत करा, घट किती आली तेही त्यात लिहा.